शॅमेलिऑनची अंडी घरी उबवताना: वाफसा सांभाळा, हात आवरा

२२ नोव्हेंबर २०२० रोजी मी ४३ अंडी वाळूतून काढून डब्यात मांडली. पहिलं पिल्लू बाहेर आलं ८ जुलै २०२१ला. मधे २२८ दिवस गेले. कोंबडी अंड्यांवर बसली की एकविसाव्या दिवशी चिवचिव ऐकू येते, हे बघत मोठी झालेली मी. मला हा काळ फार जड गेला. त्याच्या आदल्या वर्षी ३८ अंड्यांतलं एकही टिकलं नव्हतं. पाणी जास्त झालं, डब्याची उघडझाप जास्त झाली, आणि जीव राहवेना म्हणून मी रोज अंडी उचलून बघत होते. दुसऱ्या खेपेला ४३पैकी ३६ पिल्लं निघाली. डबा तोच, कपाट तेच. फक्त डब्यातली ओल आणि माझे हात बदलले होते.

मी टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहते. हा लेख व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल आहे. हा सरडा मूळचा येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला. डोक्यावर उंच तुरा, आणि अमेरिकेत घरोघरी पाळला जाणारा. पँथर शॅमेलिऑनची अंडी याहून जास्त वेळ घेऊ शकतात आणि त्यांचं गणित थोडं वेगळं असतं. जॅक्सन्स शॅमेलिऑन अंडी घालतच नाही, थेट पिल्लं देतो. तेव्हा आपल्याकडे नक्की कोणता प्राणी आहे याची आधी खात्री करा.

१. सगळ्यात आधी कायदा

भारतातून हे वाचत असाल तर एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. आपल्या रानात दिसणारा सरडगुहिरा हा भारतीय शॅमेलिऑन १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पाळायचा नाही, त्याची अंडी घरी आणायची नाहीत. बागेत खणताना सापडली तर तशीच माती सारून ठेवा आणि वनखात्याला किंवा जवळच्या सर्पमित्राला कळवा. आमच्या साताऱ्याकडे त्याला विषारी समजून दगड घालतात, याचं मला लहानपणापासून वाईट वाटत आलंय. तो पूर्ण बिनविषारी आहे. परदेशी जातीचा शॅमेलिऑन भारतात बाळगायचा असेल तर २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी बंधनकारक आहे.

अमेरिकेतही राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. हवाईत व्हेल्ड शॅमेलिऑन बाळगणं बेकायदा आहे, कारण तिथे ते रानात सुटून पसरले. फ्लोरिडातही पसरलेत. पिल्लं जास्त झाली म्हणून बाहेर सोडून देणं, हे कुठेही, कधीही करायचं नाही.

विक्रेत्याकडून मादी विकत घेताना तिच्या जन्माची तारीख आणि ती कैदेत जन्मलेली आहे हे लिहून घ्या. ही पावती जपून ठेवा. ती नंतर डॉक्टरकडेही लागते आणि पिल्लं देतानाही.

२. मादी अंड्यावर आली हे कसं ओळखायचं

नराशी जोड लागल्यावर साधारण २० ते ३० दिवसांत मादी अंडी घालते. या काळात तिचा रंग गडद, जवळजवळ काळपट हिरवा होतो आणि त्यावर निळे-पिवळे ठिपके उमटतात. नर समोर आला की ती तोंड वासते, फुत्कारते, डुलते. अंडी घालायची वेळ जवळ आली की खाणं कमी होतं आणि एरवी फांदीवर राहणारी ही बाई पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालायला लागते.

नर नसला तरी मादी अंडी घालते. ती फळत नाहीत, पण तिला जागा तेवढीच लागते. उलट, एकदा नराशी जोड लागली की ती शुक्राणू साठवून ठेवू शकते आणि पुढची खेपही फळलेली निघू शकते. म्हणजे 'औंदा नर दाखवला नाही, अंडी पोकळ असणार' असं गृहीत धरू नका.

एक कळकळीची विनंती. मादी चार-सहा महिन्यांत वयात येते, पण वर्षाची होईपर्यंत तिला नर दाखवू नका. आणि तिला रोज पोटभर किडे चारू नका. जास्त खाणं आणि जास्त ऊब मिळाली की ती ६०-७० अंड्यांची खेप काढते आणि त्यात पार खंगून जाते. माझ्या चिंगीला मी आता दिवसाआड चार-पाच क्रिकेट, म्हणजे रातकिडे, देते.

३. अंडी घालायची कुंडी

तिला खणायला किमान ३० सेंटिमीटर खोल ओली वाळू लागते. मी धुतलेली खेळण्याची वाळू आणि खत-औषध नसलेली माती अर्धी-अर्धी मिसळते. बोटाने बोगदा केला तर तो ढासळला नाही पाहिजे, एवढी ओल. भांडं अपारदर्शक घ्या आणि पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंनी चादर टाका.

ती खणत असताना तिला तुम्ही दिसलात तर ती काम सोडून वर जाते. दोन-तीनदा असं झालं तर अंडी पोटात अडकतात, आणि त्यात मादी दगावते. मी जुना फोन कॅमेरा म्हणून आत लावून दुसऱ्या खोलीतून बघते. दोन दिवस खणूनही अंडी आली नाहीत, दिवसा डोळे मिटून बसली, फांदीवरची पकड सैल झाली, तर एक तासही न थांबता सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. त्या डॉक्टरचा नंबर आधीच शोधून ठेवलेला असू द्या, कारण साधे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बहुतेकदा हात लावत नाहीत.

अंडी घालून झाल्यावर ती खड्डा बुजवते, मागच्या पायांनी माती दाबते आणि वर येते. त्या वेळी ती अगदी चिपाड झालेली असते. आधी तिला भरपूर पाण्याचा फवारा, मग कॅल्शियम लावलेले किडे. अंड्यांना घाई नाही, दोन-चार तास ती वाळूत राहिली तरी चालतं.

४. सामान

हे सगळं अंडी यायच्या आधी घरात हवं:

- झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, बुटांच्या खोक्याएवढा. ४० अंड्यांना असे दोन.
- जाड दाण्याचं व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारं, फुगवलेलं हलकं खनिज. नर्सरीत मिळतं, पण त्यात खत मिसळलेलं नाही हे पिशवीवर वाचून घ्या.
- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा.
- वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर, ज्यात कमाल आणि किमान तापमान साठून राहतं. काट्याचे गोल थर्मामीटर घेऊ नका. माझा एक तीन अंशांनी चुकत होता.
- डिस्टिल्ड पाणी.
- प्लास्टिकचा चमचा, मऊ रंगाचा ब्रश, बोथट टोकाची मऊ पेन्सिल.
- एक वही.

इन्क्युबेटर या यादीत नाही. ज्या घरात वर्षभर तापमान २२ ते २८ अंशांत राहतं तिथे त्याची गरज पडत नाही, आणि ज्यात फक्त गरम करायची सोय आहे असा स्वस्त इन्क्युबेटर उन्हाळ्यात काहीच कामाचा नाही.

५. वाफसा

लेखातलं एकच प्रकरण वाचणार असाल तर हे वाचा.

शॅमेलिऑनच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. ते चामड्यासारखं लवचीक असतं आणि आजूबाजूची ओल आत ओढून घेतं. म्हणून या महिन्यांत अंडं फुगतं, जड होतं. ओल कमी पडली तर खळगा पडतो. ओल जास्त झाली तर अंडं गरजेपेक्षा जास्त पाणी पितं, ताणलं जातं, आणि आतल्या गर्भाला हवा मिळत नाही. माझी पहिली ३८ अंडी अशीच गेली. टरटरून फुगलेली, छान दिसणारी, आणि आतून मेलेली.

त्या वेळी सगळीकडे 'ओलसर ठेवा' असं वाचलं होतं, पण ओलसर म्हणजे किती? दुसऱ्या खेपेच्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर अण्णांना व्हर्मिक्युलाइटची परात दाखवली. अण्णांनी जन्मभर शेती केली, सरड्याशी त्यांचा काही संबंध नाही. ते म्हणाले, "हे तर चिखल झालंय, बाळ. वाफशावर आण." आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाऊस पडून गेल्यावर लगेच पेरत नाहीत. रानात ओलही असते आणि मातीच्या कणांमधून हवाही खेळते, तो वाफसा येईपर्यंत थांबतात. अंड्यालाही नेमकं तेच हवं असतं.

वाफशाची परीक्षा तीच, जी शेतात करतात. मूठभर व्हर्मिक्युलाइट घेऊन घट्ट आवळा. बोटांमधून पाणी गळता कामा नये. मूठ उघडली की लाडू टिकला पाहिजे, आणि बोटाने टिचकी मारली की तो फुटला पाहिजे. तळहात ओला दिसावा, निथळू नये.

वजनाने सांगायचं तर १०० ग्रॅम कोरडं व्हर्मिक्युलाइट आणि ८० ग्रॅम पाणी इथून सुरू करा. झाकून तासभर ठेवा, म्हणजे पाणी सगळीकडे सारखं मुरतं. मग मूठ आवळून बघा आणि लागलं तर पाच-पाच ग्रॅम वाढवा. काही जण दोन्ही समसमान घेतात, तेही चालतं. त्याच्या वर जाऊ नका.

डब्यात याचा पाच-सहा सेंटिमीटरचा थर द्या. झाकणाला किंवा बाजूला सुईने चार-पाच भोकं पाडा, जास्त नको.

६. अंडी काढणं आणि मांडणं

कोंबडीची अंडी उबवताना ती दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात. खुडूक कोंबडी स्वतः चोचीने फिरवतेच. इथे बरोबर उलटं आहे. कोंबडीच्या अंड्यात बलक मध्यभागी धरून ठेवणारे पीळदार दोर असतात. सरड्याच्या अंड्यात ते नसतात. गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, आणि अंडं उलटं झालं तर तो बलकाखाली दबून मरतो. अंडं जसं सापडलं तसंच, वरची बाजू वर ठेवून, उचलायचं.

वाळू चमच्याने बाजूने सारत जा, अंडी दिसायला लागली की ब्रश घ्या. पांढरी, दीडेक सेंटिमीटर लांब, भिजवलेल्या शेंगदाण्यापेक्षा जरा मोठी. वरच्या बाजूला पेन्सिलने हलका ठिपका द्या. एकमेकांना चिकटलेली असतील तर ओढून सोडवू नका, जोडीनेच ठेवा.

व्हर्मिक्युलाइटमध्ये बोटाने खळगे करा आणि प्रत्येक अंडं अर्धं आत, अर्धं बाहेर असं बसवा. दोन अंड्यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवा. ती फुगणार आहेत आणि एकाला बुरशी आली तर शेजाऱ्याला लागायला नको.

शेवटी झाकणासकट डब्याचं वजन करा आणि ते डब्यावरच लिहा. तारीख, अंड्यांची संख्या, वजन. पुढच्या सात महिन्यांचा सगळा कारभार या आकड्यावर चालतो.

४० पिल्लांना घरं मिळणार आहेत का, हा विचार याच दिवशी करा. जमणार नसेल तर जेवढी उबवायची नाहीत तेवढी अंडी त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. या टप्प्यावर आतला गर्भ अगदी प्राथमिक अवस्थेत असतो. जन्माला घालून उपाशी ठेवण्यापेक्षा हे बरं, असं माझं ठाम मत आहे.

७. जागा आणि तापमान

२५ ते २८ अंश सेल्सिअस, म्हणजे ७७ ते ८२ फॅरेनहाइट. रात्री दोन-तीन अंश उतरलं तरी बिघडत नाही. ३० अंशांच्या वर सतत राहू देऊ नका. पिल्लू नर की मादी हे या जातीत तापमानावर ठरत नाही, त्यामुळे त्यासाठी तापमानाशी खेळण्यात अर्थ नाही. लवकर फुटावीत म्हणून ऊब वाढवू नका. पिल्लं लहान आणि अशक्त निघतात.

आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट सगळ्यात चांगलं. खिडकीजवळ नको, फ्रीजवर नको. डब्याखाली गरम होणारी चटई लावू नका, ती तळातली ओल सुकवते आणि वरून सगळं ठीक दिसत राहतं. थर्मामीटरचा सेन्सर डब्याच्या आत, अंड्यांच्या पातळीवर ठेवा. खोलीचं तापमान आणि डब्याचं तापमान एक नसतं.

फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळ आलं आणि आमची वीज तीन दिवस गेली. घरात १० अंश झाले. मी डबा सहलीच्या थर्माकोलच्या पेटीत ठेवला, बाजूंना टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या लावल्या, आणि वरून आजीने शिवलेली गोधडी टाकली. शेजाऱ्यांकडे गॅसची शेगडी होती, तिच्यावर दर चार तासांनी पाणी गरम करून आणायचं. वीज आली तेव्हा थर्मामीटरवर किमान आकडा १७ होता. माझी खात्री झाली होती की सगळं संपलं. पण थंडीने वाढ मंदावते. तेवढ्याने अंडी मरत नाहीत. उन्हाळ्यात एसी बंद पडून डबा ३५ अंशांवर गेला असता तर मात्र एकही वाचलं नसतं. तेव्हा बॅकअपचा विचार उन्हाळ्यासाठी आधी करा.

८. मधले महिने

सहा ते नऊ महिने धरून चाला. अंडं घातलं जातं तेव्हा गर्भ अगदी पहिल्या पायरीवर असतो आणि काही काळ तिथेच थांबून राहतो. म्हणून पहिल्या महिन्यात टॉर्च लावून बघितलं तर काही दिसत नाही, आणि नवखा माणूस ती पोकळ समजून फेकून देतो. फेकू नका. पुढे गुलाबीसर झाक आणि बारीक लाल शिरा दिसतात. बघायचंच असेल तर अंडं न उचलता बाजूने छोटा टॉर्च धरा, आणि तेही दोन-तीन महिन्यांतून एकदा.

आठवड्यातून एकदा झाकण अर्धा मिनिट उघडा, एवढी हवा पुरते. झाकणाला आतून थेंब जमले असतील तर कोरड्या फडक्याने पुसा. ते अंड्यांवर टपकत राहिले की बुरशी आलीच.

महिन्यातून एकदा डबा वजनकाट्यावर ठेवा. अंडी पाणी पितात ते डब्यातच राहतं, त्यामुळे डब्याचं वजन जितकं घटलं तितकंच पाणी बाहेर उडालं. १२ ग्रॅम घटलं असेल तर १२ ग्रॅम पाणी, खोलीच्या तापमानाचं, कडेकडेने ड्रॉपरने सोडा. अंड्यांवर नाही. फवारा तर अजिबात नाही.

खळगा पडला तर घाबरू नका. एकाच अंड्याला पडला तर ते पोकळ असू शकतं. सगळ्यांना एकदम पडला तर डबा कोरडा झालाय. पिवळं पडून, मऊ होऊन, वास मारणारं अंडं काढून टाका. पण बुरशी आली म्हणून टणक, पांढरं अंडं टाकू नका. कापसाच्या बोळ्याने बुरशी पुसा आणि ते वेगळ्या वाटीत ठेवा. माझ्याकडे अशी तीन वेगळी काढलेली होती, त्यांतली दोन फुटली.

९. फुटायची वेळ

आधी अंड्यांना घाम येतो. पृष्ठभागावर बारीक थेंब दिसतात, अंडं किंचित सैल पडतं. त्या दिवसापासून डबा हलवू नका.

मला पहिलं दिसलं ते रात्री साडेदहाला. अंड्याच्या टोकाला चांदणीसारखी चीर, त्यातून आलेला एक बुडबुडा, आणि बुडबुड्यामागे तांदळाच्या दाण्याएवढं नाक. ते नाक तसंच राहिलं. तासभर, दोन तास, सकाळपर्यंत. मी चिमटा हातात घेऊन बसले होते आणि नवऱ्याने तो काढून घेतला, याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. पिल्लू त्या वेळी उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. ओढून काढलं तर बलकाची पिशवी फाटते आणि ते मरतं. २४ तास, कधी त्याहून जास्तही लागतात. सगळी अंडी फुटायला माझ्याकडे सहा दिवस लागले.

१०. पिल्लांची सोय

बाहेर आलेलं पिल्लू साधारण सात सेंटिमीटरचं, शेपटीसकट. पहिला दिवस ते बहुधा खात नाही. बारीक जाळीचा छोटा पिंजरा, बारीक फांद्या, यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब, एका कोपऱ्यात २८-२९ अंशांची ऊब आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याची बारीक फवारणी. एका पिंजऱ्यात आठ-दहाच ठेवा.

खाणं म्हणजे बिनउडत्या फळमाश्या आणि टाचणीच्या डोक्याएवढे क्रिकेट, कॅल्शियमची पूड लावून. ३६ पिल्लं दिवसाला शेकडो माश्या खातात. दुकानातल्या दोन बरण्या मला दीड दिवस पुरल्या. मोठ्या जातीच्या फळमाशीची बरणी तयार व्हायला तीनेक आठवडे लागतात, म्हणून साडेपाचव्या महिन्यापासून दर आठवड्याला एक नवी बरणी लावत जा.

नराच्या मागच्या टाचेला जन्मापासूनच बारीक बोंड असतं. भिंग घेऊन बघा आणि वहीत नोंदवा. मोठी पिल्लं लहानांना दाबायला लागतात, तेव्हा आकाराप्रमाणे वेगळी करा, आणि दोन-तीन महिन्यांनंतर प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा द्या. त्याआधी कुणालाही पिल्लू देऊ नका. देताना सोबत एक कागद द्या: फुटल्याची तारीख, नर की मादी, आजचं वजन, काय खातं, कॅल्शियम कधी दिलं. आणि मादी असेल तर वाळूच्या कुंडीची खोली, ३० सेंटिमीटर, मोठ्या अक्षरात.